रानात टिकणारं यंत्र

शहापूरहून मुरबाडच्या बाजूला जाताना शेणवा हे गाव लागतं. भातखाचरं, वरकस माळ, साग-ऐनाचं जंगल आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी यांच्या वाड्या-पाडे, असा हा मुलूख. जून ते सप्टेंबरात इथे दोन-अडीच हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो. त्या पावसात उघड्यावर राबणाऱ्या माणसाचा जुना सरंजाम ठरलेला होता. कंबरेच्या आकडीत अडकवलेला कोयता आणि डोक्यावरून पाठीवर उतरणारं, बांबूच्या कामट्यांत पळसाची पानं बसवलेलं इरलं. दोन्ही हात लावणीसाठी मोकळे. पान फाटलं तर दुसरं रानातच मिळायचं, कोयत्याची धार गेली तर ओढ्यातल्या दगडावर परत यायची.

आज त्याच माणसाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल असतो, आणि तो केवळ बोलण्यापुरता उरलेला नाही. भाताची नोंद त्यावर, रोजगार हमीची हजेरी त्यावर, अंगणवाडीतल्या बाळाचं वजनही त्यावरच. दणकट फोन कोणता घ्यावा, हा प्रश्न म्हणून इथे हौसेचा नाही. तो नवाही नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत सरकारी आणि खासगी कामासाठी या डोंगरांत एकामागून एक यंत्रं आली. त्यांतली कोणती टिकली हे पाहू गेलं, तर भिजण्या-पडण्याइतकीच आणखी एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते: यंत्र चुकलं तर ते वापरणाऱ्याला कळतं का, आणि ती चूक तिथल्या तिथे काढता येते का?

पहिलं यंत्र म्हणजे मोजणीची साखळी. मुंबई इलाख्यातल्या जमीनमोजणीची पद्धत गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या 1847 च्या संयुक्त अहवालाने पक्की झाली. लोखंडी साखळी 33 फुटांची, तिचे भाग सोळा आणे. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताची हद्द वाकडीतिकडी असली तरी मधून एक सरळ रेषा धरायची, तिच्यावर शंकू उभा करून काटकोन साधायचे आणि शेताचे तुकडे मोजायचे. शंकू-साखळीची ही मोजणी टिपणावर उतरायची. हद्दीच्या वादात भूमी अभिलेख कार्यालयात ही जुनी टिपणं आजही काढून पाहिली जातात.

साखळीला दोष होते. ओढून ओढून कड्या उघडतात आणि लांबी वाढते, कड्यांत चिखल अडकला की ती आखूड भरते. पण हे दोष डोळ्यांना दिसतात. कामाला निघण्यापूर्वी साखळी प्रमाण लांबीशी ताडून बघायची, हा मोजणीतला पहिला धडा. शिवाय ज्याचं शेत मोजलं जात होतं तो शेतकरीही बांधावर उभा राहून साखळी ताणलेली आहे की सैल, हे पाहू शकत होता. यंत्रावर त्याचाही पहारा होता. पुढच्या काळात हीच गोष्ट हातची गेली.

चूक कळावी आणि तिथल्या तिथे काढता यावी, या नियमातून नाजूक यंत्रंही सुटली नाहीत. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणाऱ्या विल्यम लॅम्बटनकडे सुमारे अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, होतं. 1808 साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते भिंतीवर आदळलं आणि त्याचं अंशांचं वर्तुळ वाकलं. लॅम्बटनने ते खोललं, वर्तुळ ठोकून आणि ओढून पुन्हा आकारात आणलं, आणि त्याच यंत्राने पुढची अनेक वर्षं मोजणी केली. 1823 साली काम चालू असतानाच विदर्भात हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. इंग्लंडहून दुसरं यंत्र मागवायचं तर जहाजाला महिनोन् महिने लागत, त्यामुळे दुरुस्त न होणारं यंत्र त्या काळी निरुपयोगीच होतं.

शहापूर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, कसाऱ्याच्या घाटात, टिकाऊपणाचा विचार वेगळ्या तऱ्हेने झाला. या थळ घाटातून इगतपुरीपर्यंतची रेल्वे 1865 च्या पहिल्या दिवशी सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, कापलेले कडे, आणि पावसाळ्यात त्यांतून सुटणाऱ्या दरडी. इथे रात्री रुळांवरून चालणाऱ्या गस्तवाल्याच्या हातात बत्ती आली. ती विझली तर? म्हणून त्याच्याजवळ डेटोनेटर, म्हणजे रुळावर बांधायचे फटाके असतात. पुढे मार्ग बंद असेल तर नियमाप्रमाणे 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावायचे. इंजिन त्यांवरून गेलं की स्फोट होतो आणि धुक्यातही चालकाला इशारा पोचतो. एकाच साधनावर माणसाचा जीव सोपवायचा नाही, हे शहाणपण अपघातांच्या अनुभवातून आलं. गेल्या काही वर्षांत रेल्वेने गस्तवाल्यांना जीपीएस ट्रॅकरही दिले आहेत, पण बत्ती आणि फटाके काढून घेतलेले नाहीत. हे फार बरं झालं.

मोबाईल युगातला पहिला खरा रानफोन बाजारात रानफोन म्हणून आलाच नव्हता. युरोपात एरिक्सनने 2000 च्या आसपास पाणी आणि धूळ रोखणारे फोन काढले होते, पण ते महाग आणि इथे दुर्मीळ. 2003 साली नोकियाचा 1100 आला. कळफलकावर धूळ आत जाऊ न देणारं एकसंध रबरी आवरण, ओल्या हातातून न निसटणाऱ्या खडबडीत कडा आणि डोक्यावर टॉर्च. भारतासारख्या देशांतला वापर डोळ्यांपुढे ठेवून तो बनवला होता, आणि जगभर त्याची विक्री 25 कोटींच्या वर गेली. वाडीवर वीज नसली तरी टॉर्च असायची. पाण्यात पडलाच तर पाठ उघडून बॅटरी काढायची आणि फोन उन्हात ठेवायचा.

2007 च्या ऑगस्टमध्ये याच घराण्यातल्या फोनांच्या बीएल-5सी बॅटऱ्यांत दोष निघाला. जगभरातल्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या बदलून देण्याची घोषणा झाली आणि भारतात घबराट उडाली. तरीही त्या प्रसंगातली एक गोष्ट मोलाची आहे. आपली बॅटरी दोषी आहे का हे बघण्यासाठी माणसाला कुठे जावं लागत नव्हतं. नखाने झाकण काढायचं, बॅटरीच्या पाठीवरचा क्रमांक वाचायचा आणि तो कंपनीकडे ताडून घ्यायचा. दोष मोठा होता, पण तो लपलेला नव्हता.

त्यानंतर कामाचं स्वरूपच पालटलं. 2006 च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी 2008 पासून सुरू झाली, आणि 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीच्या दाव्यांची मोजणी हातात धरायच्या जीपीएस यंत्रांवर होऊ लागली. दाट झाडीखाली आणि कड्यांच्या कुशीत उपग्रहांचे संकेत आडवे-तिडवे परावर्तित होऊन येतात, आणि पाच मीटरची चूक सहज होते. माळावर फिरणाऱ्याला पाच मीटर म्हणजे काहीच नाही. पण वीस गुंठ्यांचा पट्टा हा साधारण 45 मीटर बाजूचा चौकोन असतो. चारही कडा पाच-पाच मीटर आत सरकल्या तर बाजू 35 मीटर होते, आणि वीस गुंठ्यांचे बारा उरतात. सगळे कोपरे एकाच दिशेला चुकले तर क्षेत्र बरोबर भरतं, मात्र पट्टा शेजाऱ्याच्या जमिनीवर जाऊन बसतो. साखळी सैल पडली तर बांधावरचा माणूस बोट दाखवू शकत होता. पडद्यावरचा आकडा चुकलाय हे त्याने कशावरून ओळखायचं? म्हणूनच वनहक्क समितीतल्या लोकांनी यंत्रासोबत फिरणं, जुनी झाडं, दगड आणि बांध दाखवणं याला इतकं महत्त्व आहे.

भूमी अभिलेख कार्यालयांकडे आता रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवर मोजणी करणारी यंत्रं, आले आहेत. ते सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजतात, पण जागेवर ही अचूकता साधण्यासाठी स्थिर केंद्राकडून येणारी दुरुस्ती त्यांना मोबाईल इंटरनेटवरून मिळावी लागते. ज्या दरीत रेंज नाही तिथे उत्तम यंत्रही अडून बसतं.

ई-पीक पाहणी राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झाली. तलाठ्याने गाव नमुना 12 मध्ये करायची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभं राहून, फोनवरून फोटोसह करायची. रोजगार हमीच्या कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो घेऊन ॲपवर हजेरी टाकणं 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचं झालं. फोटो चढला नाही तर मजुरी अडते. फोन बिघडण्याची किंमत इथे फोनच्या किमतीपेक्षा जास्त असते, आणि ती फोन न निवडलेला माणूस भरतो.

याचं सर्वांत ठळक उदाहरण अंगणवाडी सेविकांचं. 2019 मध्ये राज्यातल्या सुमारे एक लाख अंगणवाड्यांना सरकारने स्मार्टफोन दिले. दोनच वर्षांत, ऑगस्ट 2021 मध्ये, सेविकांनी ते जिल्ह्याजिल्ह्यांत परत करण्याचं आंदोलन केलं. फोन तापतात, अडकतात, दोन जीबी रॅममध्ये नवं पोषण ट्रॅकर ॲप चालत नाही, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पाड्यापाड्यांवर चालत जाणाऱ्या या बायकांना खरेदीआधी कुणी विचारलं असतं, तर यांतल्या बहुतेक गोष्टी त्यांनी आधीच सांगितल्या असत्या.

दणकट फोनांच्या जाहिरातींत दोन शिक्के हमखास असतात. आयपी68 मधला 6 म्हणजे धूळ आत जात नाही. 8 म्हणजे कंपनीने ठरवलेल्या खोलीवर, ठरवलेल्या वेळेपर्यंत फोन पाण्यात बुडून राहू शकतो. ही चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. जोराच्या धारेची चाचणी वेगळी असते, आणि बुडण्यात पास झालेला फोन धारेत पास होतोच असं नाही. लावणीच्या चिखलाची तर चाचणीच नाही. दुसरा शिक्का अमेरिकी लष्कराच्या मिल-एसटीडी-810 मानकाचा. त्यातल्या एका चाचणीत फोन 122 सेंटिमीटरवरून 26 वेळा पाडतात, पण काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर. शिवाय ही 26 पतनं पाच फोनांत वाटून घेण्याची मुभा आहे. शेणव्याच्या ओढ्यात प्लायवुड नसतं.

तरी शिक्के निरर्थक नाहीत. 2024 च्या जूनमध्ये ओप्पोने पावसाळ्यासाठी म्हणून आणलेल्या एफ27 प्रो प्लसला आयपी66, 68 आणि 69 असे तिन्ही दर्जे होते, म्हणजे धार आणि बुडणं दोन्ही तपासलेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या सॅमसंगच्या एक्सकव्हर7 ची गोष्ट या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. तेव्हाची किंमत सुमारे 27 हजार रुपये, पडदा हातमोजा घालूनही चालणारा, हव्या त्या कामाला नेमून देता येणारी खरीखुरी कळ, ओल्या छिद्रात वायर न खुपसता बाहेरच्या टोकांवरून चार्ज करण्याची सोय, आणि पाठ उघडून बदलता येणारी बॅटरी. पाणी रोखायचं तर बॅटरी चिकटवूनच टाकावी लागते, हा समज त्याने खोटा ठरवला. पण 27 हजार ही रक्कम वीटभट्टीवर हंगाम काढणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यामुळे असा फोन खात्याने घेऊन द्यायचा असतो, आणि घेण्याआधी तो एक पावसाळा एखाद्या वनरक्षकाच्या, सेविकेच्या किंवा रोजगार हमीवर मजुरांची हजेरी घेणाऱ्या मेटच्या हाती देऊन पाहायला हवा.

युरोपीय संघाच्या नियमानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. स्मार्टफोनांसाठी मात्र त्यांच्या वेगळ्या नियमांत एक पळवाट आहे: फोन धूळरोधक असेल, एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरत असेल, आणि हजार वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत 80 टक्के क्षमता उरत असेल, तर ती सहज बदलण्याजोगी ठेवण्याची सक्ती नाही. म्हणजे पावसात टिकणाऱ्या फोनांनाच बॅटरी बंद ठेवण्याची मोकळीक मिळाली आहे. भारतात येणारी बरीच मॉडेलं जागतिक बाजारासाठी आखलेल्या साच्यांतून निघतात. शहापूर-मुरबाडच्या कार्यालयांसाठी पुढची खरेदी होईल तेव्हा बॅटरी बदलता येण्याची अट निविदेत घालायची की नाही, हे मात्र महाराष्ट्रातच ठरणार आहे.