आदेश-ओळीची लांबीमर्यादा

प्रोग्राम सुरू करताना त्याला एका वेळी किती मजकूर देता येईल, यावर ऑपरेटिंग सिस्टिमने घातलेली मर्यादा. युनिक्स घराण्यात ती शेलची नसून कर्नलची असते. आर्ग्युमेंट्स आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स नव्या प्रोसेसच्या स्टॅकवर ठेवली जातात. मोजली जाते ती दोहोंची बेरीज. ही बाब हमखास नजरेआड होते.

लाखो फायलींच्या फोल्डरमध्ये फायली पुसण्यासाठी ‘आरएम *’ दिले, की शेल तारकेच्या जागी सगळी नावे मांडतो, कर्नल ती यादी नाकारतो, ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असा संदेश येतो आणि एकही फाइल पुसली जात नाही. त्याच फोल्डरमध्ये नावे नुसती छापणारे ‘एको *’ मात्र चालते, कारण एको सहसा शेलच्या आतच असतो आणि त्यासाठी नवी प्रोसेस लागत नाही.

लिनक्समध्ये ही मर्यादा १२८ किलोबाइट होती. २००७ च्या २.६.२३ आवृत्तीपासून ती स्टॅकमर्यादेच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे नेहमीच्या ८ मेगाबाइट स्टॅकवर २ मेगाबाइट झाली. एकेका आर्ग्युमेंटला मात्र १२८ किलोबाइटचेच बंधन राहिले. विंडोजमध्ये प्रोसेस निर्माण करताना ३२,७६७ अक्षरे चालतात. सीएमडी शेल ८,१९१ वरच थांबतो. पॉसिक्स मानकाची किमान हमी ४,०९६ बाइटची आहे.

यावरचा उतारा म्हणजे ‘एक्सआर्ग्ज’: नावांचे मर्यादेत बसणारे गठ्ठे करून तो आदेश पुन्हापुन्हा चालवतो. प्रत्येक फाइलसाठी वेगळी प्रोसेस काढण्यापेक्षा हे कितीतरी वेगवान, कारण छोट्या कामात बहुतेक वेळ प्रोसेस उभी करण्यातच जातो. फायलींच्या नावांत मोकळ्या जागा असतील, तर शून्य बाइटने विलगलेली यादीच द्यावी.