दुसऱ्याच्या लढाईचा नफा

कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवताना मी फळ्यावर दोन नकाशे काढत असे. पहिला १७८३ चा. तेव्हा अमेरिकेची पश्चिम सीमा मिसिसिपी नदीपाशी संपत होती. दुसरा १८०३ चा. वीस वर्षांत देश जवळजवळ दुप्पट झालेला. ‘‘सर, मध्ये कोणती लढाई झाली?’’ हा प्रश्न हमखास यायचा. मी म्हणायचो, लढाई झाली, पण ती अमेरिकेने लढली नाही.

या गोष्टीची सुरुवात एका बंदरापासून होते. केंटकी, टेनेसी, ओहायोकडच्या शेतकऱ्यांना आपले पीठ, तंबाखू, खारवलेले मांस डोंगर ओलांडून पूर्वेला नेणे परवडत नसे. सपाट बुडाच्या नावांतून हा माल मिसिसिपीने खाली न्यू ऑर्लिन्सला जाई आणि तिथे जहाजांवर चढे. बंदर स्पेनचे होते. १७९५ च्या तहाने तिथे माल उतरवण्याची सवलत अमेरिकेला मिळाली. पण १८०० मध्ये स्पेनने गुप्त तह करून लुईझियाना हा सारा प्रांत फ्रान्सला देण्याचे कबूल केले आणि ऑक्टोबर १८०२ मध्ये तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने ती सवलतच काढून घेतली. पश्चिमेकडचे लोक खवळले. उघड युद्धाची भाषा सुरू झाली.

अध्यक्ष जेफरसन यांच्यापाशी फौज नावापुरती होती. त्यांनी एकीकडे, फ्रान्सने न्यू ऑर्लिन्स बळकावले तर आम्हाला ब्रिटनशी हातमिळवणी करावी लागेल, असे पॅरिसच्या कानावर जाऊ दिले. दुसरीकडे तिथले राजदूत लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला जेम्स मन्रो यांना धाडले. विकत घ्यायचे होते ते फक्त न्यू ऑर्लिन्स आणि जमल्यास फ्लोरिडा.

या इशाऱ्याने नेपोलियनला घाम फुटला असेल, असे मला वाटत नाही. त्याचे गणित बिघडले कॅरिबियन समुद्रात. सां दोमिंग, म्हणजे आजचे हैती, ही फ्रान्सची साखरेची पेढी. तिथे मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि तूसाँ लूव्हेर्त्यूर हा त्यांच्यातूनच वर आलेला सेनानी बेटाचा कारभारी होऊन बसला. त्याला नमवायला नेपोलियनने बहिणीचा नवरा जनरल लक्लेर्क याला मोठी फौज देऊन पाठवले. लुईझियानाने या बेटाला धान्य पुरवायचे, असा बेत होता. तूसाँला बोलणीच्या निमित्ताने बोलावून कैद केले गेले. एप्रिल १८०३ मध्ये तो फ्रान्समधल्या एका थंडगार डोंगरी किल्ल्यात मेला. लढा मात्र थांबला नाही. पीतज्वराने फ्रेंच फौज कापून काढली, खुद्द लक्लेर्क नोव्हेंबर १८०२ मध्ये त्यातच गेला. बेटच हातचे जाऊ लागल्यावर त्याचे कोठार घेऊन काय करायचे? शिवाय ब्रिटनशी पुन्हा युद्ध तोंडावर आले होते.

११ एप्रिल १८०३ रोजी परराष्ट्रमंत्री ताल्येराँ यांनी लिव्हिंग्स्टन यांना विचारले, सगळाच लुईझियाना घेता का? लिव्हिंग्स्टन यांना कमी ऐकू येत असे. आपण चुकीचे ऐकले, असे त्यांना वाटले असेल तर नवल नाही! मन्रो दुसऱ्या दिवशी पॅरिसला पोहोचले. तहावर तारीख पडली ३० एप्रिल. किंमत ८ कोटी फ्रँक, म्हणजे दीड कोटी डॉलर. जमीन सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासी जमातींना कोणी विचारलेही नाही.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि सप्टेंबर १८०३ मध्ये असईची लढाई झाली. शिंद्यांच्या फौजेतले फ्रेंच अधिकारी हे वेलस्लीच्या काळजीचे एक मोठे कारण होते. फ्रान्स आणि ब्रिटनच्या वैरात एकाला प्रांत मिळाला, दुसऱ्याने राज्य घालवले.

आणि हैती? १ जानेवारी १८०४ रोजी ते स्वतंत्र झाले. ज्यांच्या लढ्यामुळे लुईझियाना पदरात पडला, त्यांच्याशी अमेरिकेने १८०६ मध्ये व्यापार बंद केला. गुलामांचे बंड आपल्या मळ्यांपर्यंत पोहोचेल, ही दक्षिणेकडच्या मालकांची धास्ती. हैतीला मान्यता द्यायला १८६२ साल उजाडले. फ्रान्सने तर १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून, मळेवाल्यांच्या नुकसानीची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे ही मागणी ९ कोटींवर आली. सारा लुईझियाना विकला तो ८ कोटींना! त्या भरपाईपायी काढलेल्या कर्जांची परतफेड १९४७ पर्यंत चालली.

माझ्या फळ्यावर हैतीचा नकाशा बरीच वर्षे नव्हता. तो मी काढू लागलो, तेव्हा निवृत्तीला दोनच वर्षे उरली होती.