मिरची, ऊन आणि हवेतला कार्बन: मुरबाड-शहापूरहून एक प्रश्न

संशोधनाचा विषय शोधताना आपण आधी जर्नल उघडतो. आज जरा उलटं करू. आधी नाणेघाटात जाऊ.

मुरबाड तालुक्यातल्या या घाटाने सातवाहनांच्या काळी कल्याणचा माल जुन्नरकडे जायचा. त्या गोण्यांत मिरची असणं शक्यच नव्हतं. मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली. तोवर आपला तिखटपणा काळ्या मिरीचा. नव्या फळाला नावही मिरीवरूनच मिळालं. कूळ मात्र वेगळं: मिरी वेलीवरची, तर मिरची वांगी-टोमॅटोच्या घरातली.

म्हणजे 'आपली' मिरची इथे जेमतेम पाचशे वर्षांची. ती आली तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवर मौना लोआला मोजणी सुरू केली, तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या पुढे गेलाय.

आता तुम्ही म्हणाल, कार्बन डायऑक्साइड तर झाडाचं अन्न. मग पीक वाढेलच की! शास्त्रज्ञांनाही आधी असंच वाटलं. १९८३ मध्ये ब्रूस किम्बॉल यांनी आधीच्या ४३० निरीक्षणांचा आढावा घेतला. हा वायू दुप्पट केला तर उत्पादन सरासरी ३३ टक्के वाढतं, असा निष्कर्ष निघाला. पण त्यातली बहुतेक निरीक्षणं हरितगृहांतली किंवा बंद कक्षांतली होती. पुढे उघड्या शेतात नळ्यांचं कडं करून वायू सोडण्याचे प्रयोग झाले. २००६ मध्ये स्टीफन लाँग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मुख्य धान्यपिकांत उघड्यावरची वाढ बंद कक्षातल्यापेक्षा साधारण निम्मीच भरते.

मिरचीचं दुखणं आणखी वेगळं आहे. उन्हाळ्यात झाड हिरवंगार दिसतं, पण फुलं गळतात. कारण पानाआधी परागकण हरतात. २००१ मध्ये बेनी अलोनी आणि सहकाऱ्यांनी ढोबळी मिरची दिवसा ३२ आणि रात्री २६ अंशांत ठेवली. परागकण रुजण्याचं प्रमाण खूप घटलं. मग त्याच उष्णतेत कार्बन डायऑक्साइड ८०० वर नेला, तर ते प्रमाण जवळजवळ पूर्ववत झालं!

इथेच थांबलात तर फसाल. एक तर ३२ अंश म्हणजे शहापूरच्या एप्रिल-मे महिन्यातली दुपार नव्हे. तिथला पारा त्याच्या बराच वर चढतो. दुसरं म्हणजे पाणी. प्रयोगातल्या कुंडीला पाणी वेळेवर मिळतं. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. दोन्हींचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्याच पाड्यांवर टँकर येतो. भात निघाल्यावर विहिरीच्या किंवा ओढ्याच्या भरवशावर मिरची लावणाऱ्याला शेवटच्या तोड्यांपर्यंत पाणी पुरेलच असं नाही. त्यात आणखी एक पेच आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की पानावरची रंध्रं थोडी मिटतात. त्याने पाणी वाचतं खरं, पण बाष्पाबरोबर जाणारी उष्णता अडते आणि पान जास्त तापतं. मग फायदा जिंकेल की तोटा? ते ऊन, पाणी आणि वाण यांवर ठरतं.

म्हणून या विषयावरचा पेपर वाचताना वहीत चार गोष्टी लिहा: दिवसाचं आणि रात्रीचं तापमान किती होतं, वायू किती होता, ताण फुलोऱ्याआधी दिला की नंतर, आणि पाणी किती दिलं. मग निष्कर्ष वाचा. शेतकरी तुम्हाला 'टक्के किती वाढतील?' असं विचारणार नाही. तो विचारेल, 'रोप पंधरा दिवस आधी लावलं तर फूल टिकेल का?' प्रबंधाचा प्रश्न असाच नेमका हवा.