अपमान गेला, माणूसही गेला : अमेरिकेतील किशोर-मालिकांचा एक इतिहास

१

किशोरवाङ्मयाकडे आपले समीक्षक सहसा वळत नाहीत. त्यातही जे मालिकांनी निघते, स्वस्तात विकले जाते, मुले ज्याची आपसांत अदलाबदल करतात आणि मास्तर जे दप्तरातून काढून घेतात, त्याला वाङ्मय म्हणण्याचीही त्यांची तयारी नसते. पण समाज आपल्या मुलांच्या मनात काय पेरतो, हे क्रमिक पुस्तकांपेक्षा या पुस्तकांत अधिक उघडे पडते. क्रमिक पुस्तकावर समितीची नजर असते, शिक्षकाचे भाष्य असते. या पुस्तकांवर फक्त गल्ल्याची नजर असते. दहा ते पंधरा या वयात मूल ती आपखुशीने, एका बैठकीत वाचते. गोष्टीतला चोर कोण, याची त्याला उत्सुकता असते. गोष्टीत कर्ता कोण आणि हरकाम्या कोण, हे मात्र ते न विचारताच शिकून घेते.

या दृष्टीने अमेरिकेतील किशोर-मालिकांचा इतिहास आपण तपासला पाहिजे. तिथला वर्णप्रश्न आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले होते आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नाव तिकडूनच घेतले. तेथील कवी व कादंबरीकार आपण वाचले. तेथील मुलांच्या हातात काय होते, हे मात्र आपण फारसे पाहिले नाही.

२

या मालिकांचा जनक एडवर्ड स्ट्रेटमेयर (१८६२-१९३०) हा न्यू जर्सीचा लेखक. १८९९ साली त्याने ‘रोव्हर बॉइज’ ही मालिका सुरू केली आणि पुढे काही वर्षांतच एकट्याने लिहिण्यापेक्षा लिहवून घेण्याचा धंदा काढला. कथानकाचा दोन-तीन पानांचा आराखडा तो स्वतः करी. तो टपालाने एखाद्या गरजू लेखकाकडे जाई. लेखक महिन्याभरात दोनशे पानांची कादंबरी लिहून पाठवी, ठरलेली रक्कम घेई आणि सर्व हक्क सोडल्याच्या कागदावर सही करी. मुखपृष्ठावर नाव छापले जाई ते बनावट. टॉम स्विफ्ट (१९१०), हार्डी बॉइज (१९२७) आणि नॅन्सी ड्र्यू (१९३०) या मालिका याच कारखान्यातून निघाल्या. सव्वा-दीड डॉलरच्या पुस्तकांच्या काळात यांची किंमत पन्नास सेंट होती. पालकांना न विचारता मूल स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घेऊ शकेल, असा हा हिशेब होता. नव्या मालिकेचे पहिले तीन भाग एकदम काढायचे आणि खपले तर पुढे चालवायचे, हीसुद्धा त्याचीच युक्ती. प्रत्येक प्रकरणाचा शेवट संकटात आणि प्रत्येक पुस्तकाचा शेवट पुढील पुस्तकाच्या जाहिरातीत होई.

नॅन्सी ड्र्यूची लेखिका म्हणून ‘कॅरोलिन कीन’ हे नाव जगभर गाजले. अशी कोणी बाई नव्हती. पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस मिल्ड्रेड वर्ट बेन्सन (१९०५-२००२) यांनी लिहिली. सुरुवातीला त्यांना एका पुस्तकाचे १२५ डॉलर मिळाले, पुढच्या खपातला एक सेंटही मिळाला नाही. १९८० साली प्रकाशकांच्या आपसांतील खटल्यात त्या साक्षीला उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे हे काम कोणाचे ते लोकांना कळले. ज्याचे कष्ट त्याचे नाव नाही, हा न्याय आपल्याला नवा नाही. पण मिल्ड्रेडबाईंचे नाव निदान पन्नास वर्षांनी वर आले. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या पुस्तकांतून आणखी एक समाज वावरत होता. त्याला खटला लढवायलाही जागा नव्हती.

३

‘बॉब्सी ट्विन्स’ या मालिकेचे पहिले पुस्तक १९०४ सालचे. एका सुखवस्तू गोऱ्या कुटुंबात जुळ्यांच्या दोन जोड्या आहेत. घरात डायना ही काळी स्वयंपाकीण आणि तिचा नवरा सॅम हा गडी. धाकट्या फ्लॉसीजवळ पाच बाहुल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे जूजूब हा काळा मुलगा, डायना आणि सॅम यांनी दिलेला. तो खरे तर कुटुंबातला नाही, असे फ्लॉसी मैत्रिणींना समजावून सांगते. काळ्या बाहुल्यांसाठी अनाथालय नाही असे आई म्हणते, म्हणून त्याला ठेवावे लागते. सगळ्या बाहुल्या एकाच खणात ओळीने ठेवलेल्या असतात, पण जूजूब आणि इतर यांच्यामध्ये फ्लॉसी पुठ्ठ्याच्या खोक्याचे झाकण आठवणीने उभे करते.

हा प्रसंग लेखकाने विनोद म्हणून लिहिला आहे. फ्लॉसी दुष्ट नाही, ती कथेतली लाडकी पोर आहे, आणि म्हणूनच तो भयंकर आहे. गावकुसाबाहेरचा वाडा, वेगळा पाणवठा, वरून ओतलेले पाणी ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांना ते पुठ्ठ्याचे झाकण ओळखता येईल. चार वर्षांची मुलगी खेळता खेळता विटाळ पाळते आणि लक्षावधी मुले ते हसत वाचतात.

पुढील पुस्तकांत हेच वेगवेगळ्या रूपांत आले. टॉम स्विफ्ट विमाने आणि यंत्रे बनवतो. त्याच्याजवळ इरॅडिकेट सॅम्प्सन हा म्हातारा काळा नोकर आणि त्याचे खेचर आहे. यंत्र गोऱ्या मुलाचे आणि खेचर काळ्या म्हाताऱ्याचे, अशी ही वाटणी. नॅन्सी ड्र्यूच्या १९३० च्या पहिल्या पुस्तकात जेफ टकर हा काळा राखणदार भेटतो. चोर त्याला दारू पाजून फसवतात, आणि त्याच्या मोडक्यातोडक्या बोलीवर वाचकाने हसावे अशी योजना आहे.

या मालिकांवर त्या काळी टीका झाली नाही असे नाही. बॉय स्काउट संघटनेचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ साली त्यांच्यावर जळजळीत लेख लिहिला. अशी सनसनाटी पुस्तके मुलांच्या कल्पनाशक्तीचा स्फोट करून तिची राख करतात, असे त्यांचे म्हणणे. अनेक ग्रंथालयांनी ती शेल्फावर ठेवायचे नाकारले. पण त्यांची तक्रार अभिरुचीबद्दल होती. डायना, सॅम किंवा इरॅडिकेट यांच्याबद्दल तीत चकार शब्द नव्हता.

४

तो शब्द ज्यांनी उच्चारायचा त्यांनीच उच्चारला. डू बॉइस यांचे ‘द क्रायसिस’ हे मासिक न्यूयॉर्कहून १९१० पासून निघत होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्याच शहरात आणि त्याच वर्षांत. या मासिकाचा दरवर्षी ऑक्टोबरचा अंक मुलांसाठी असे. पण डू बॉइस यांना एक गोष्ट सलत राहिली. जवळजवळ प्रत्येक बालविशेषांकात कुठल्या ना कुठल्या जमावहत्येची किंवा दंगलीची बातमी छापावी लागत होती. १९१९ साली त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या पत्राचा दाखला दिला. गोरा माणूस आपला जितका द्वेष करतो, तितकाच किंवा त्याहून अधिक आपण त्याचा करतो, असे तिने लिहिले होते. सत्य लपवायचे नाही आणि मुलांना द्वेषावर वाढवायचेही नाही, हा पेच होता.

त्यातून जानेवारी १९२० मध्ये ‘द ब्राउनीज बुक’ हे मासिक निघाले. वाङ्मयीन बाजू जेसी फॉसेट यांनी आणि व्यवहार ऑगस्टस डिल यांनी सांभाळला. किंमत पंधरा सेंट. त्यात कथा, कविता, खेळ होते, थोर कृष्णवर्णीयांची चरित्रे होती, शाळा पूर्ण केलेल्या मुलामुलींची छायाचित्रे होती आणि वाचकांची पत्रे होती. लँग्स्टन ह्यूज या कवीचे अगदी आरंभीचे लेखन १९२१ साली येथेच छापले गेले. डिसेंबर १९२१ मध्ये, चोवीस अंकांनंतर, पुरेशा वर्गणीदारांअभावी मासिक बंद पडले.

हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. जूजूबचे पुस्तक दशकानुदशके खपत राहिले आणि जूजूबच्या पोरांचे स्वतःचे मासिक दोन वर्षांत संपले. कस कमी पडला नव्हता. गोऱ्यांच्या मालिकेमागे छापखाने, दुकाने व वितरक यांची साखळी होती. ज्यांच्यासाठी मासिक निघाले, त्यांच्या आईबापांच्या हातात मात्र वर्षाकाठी दीड डॉलरही सहज उरत नव्हता. अनियतकालिके काढून ती मोडताना पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

५

१९४० च्या दशकात केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने २५३ काळ्या मुलांपुढे रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली, आणि वाईट दिसणारी म्हणून काळीकडे बोट दाखवले. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या संशोधनाचा हवाला दिला. १९०४ साली फ्लॉसीने खणात जे झाकण उभे केले होते, ते आता खुद्द काळ्या मुलाच्या मनात उभे असलेले सापडले.

वारे बदलत होते. मालिकांतील उल्लेखांबद्दल पालकांच्या तक्रारी येऊ लागल्या. कंपनी आता स्ट्रेटमेयरची मुलगी हॅरिएट ॲडम्स चालवत होती. १९५९ पासून नॅन्सी ड्र्यू व हार्डी बॉइज यांची जुनी पुस्तके नव्याने लिहून घेण्याचे काम सुरू झाले. जुन्या मोटारी गेल्या, पंचवीस प्रकरणांची वीस झाली, छपाईचा खर्च वाचला. त्याबरोबरच वर्णद्वेषी वर्णनेही गेली.

पण ती गेली कशी? जेफ टकरला मान मिळाला नाही, त्याला गोरा रंग मिळाला. नव्या आवृत्तीत तो गोरा म्हातारा आहे, आणि रंग बदलताच त्याची दारूही सुटली आहे. एवढ्या एका बदलात या साऱ्या सुधारणेचे मर्म आहे. काळा माणूस शहाणा, सावध किंवा शूर असू शकतो, ही कल्पनाच लेखकाला सुचली नाही. त्याच्यापुढे दोनच पर्याय होते : काळा असेल तर हास्यास्पद, आणि हास्यास्पद नको असेल तर काळा नको. बहुतेक ठिकाणी दुसरा पर्याय निवडला गेला. शिवी पुसली आणि तिच्याबरोबर माणूसही पुसला. नॅन्सीच्या गावात कोणी कृष्णवर्णीय राहतच नाही, असे पुढल्या पिढीच्या वाचकाला वाटावे इतकी ही सफाई पूर्ण होती.

उघडा अपमान निदान दाखवता येतो, त्याच्याविरुद्ध पत्र लिहिता येते. अनुपस्थितीविरुद्ध पत्र कसे लिहिणार? ती मोजावी लागते. हे मोजण्याचे काम नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली केले. तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेल्या ५,२०६ बालपुस्तकांची त्यांनी पाहणी केली. ही मालिकांची नव्हे, ग्रंथालयात मानाने जाणारी पुस्तके होती. त्यांपैकी ३४९ पुस्तकांत, म्हणजे शेकडा ६.७ पुस्तकांत, एखादी तरी काळी व्यक्ती होती. समकालीन कृष्णवर्णीय अमेरिकनांची कथा सांगणारी पुस्तके शेकडा एकसुद्धा भरली नाहीत. मालिकांना नाके मुरडणारे प्रतिष्ठित प्रकाशक या बाबतीत त्यांचेच सोयरे निघाले.

६

यानंतर चळवळ झाली. नव्या कृष्णवर्णीय लेखकांसाठी स्पर्धा सुरू झाल्या, आणि त्यांतूनच वॉल्टर डीन मायर्स पुढे आले. व्हर्जिनिया हॅमिल्टन यांना १९७५ साली व मिल्ड्रेड टेलर यांना १९७७ साली बालवाङ्मयाचे सर्वोच्च न्यूबेरी पदक मिळाले. पण पदक वेगळे आणि बाजार वेगळा. १९८३ साली सुरू होऊन अफाट खपलेल्या ‘स्वीट व्हॅली हाय’च्या नायिका पुन्हा सोनेरी केसांच्या जुळ्या बहिणीच होत्या. ‘बेबी-सिटर्स क्लब’ या तितक्याच लोकप्रिय मालिकेत १९८८ साली जेसी रॅमसी ही अकरा वर्षांची काळी मुलगी आली, आणि गोऱ्या वस्तीत राहायला आलेल्या तिच्या कुटुंबाला शेजारी कसे टाळतात, हेही त्या पुस्तकाने सांगितले.

मायर्स यांची दृष्टी मला अधिक खोल वाटते. गंभीर कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकाने १९९२ साली ‘१८ पाइन स्ट्रीट’ ही मालिका योजली. तीत काळी शाळकरी मुले, त्यांची मैत्री, भांडणे, पिझ्झाचे दुकान असे सारे होते. पुस्तके लिहिली जात ती दुसऱ्याच नावाने, म्हणजे पद्धत स्ट्रेटमेयरचीच. आमच्या मुलांनाही हलकेफुलके वाचण्याचा हक्क आहे, त्यांच्या वाट्याला केवळ दुःखाची थोर पुस्तके का, हा त्यामागचा सवाल. पुढे २०१४ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी वृत्तपत्रात लिहिले तेव्हाही त्यांच्यापुढे आकडा होता तो असा : २०१३ सालच्या सुमारे ३,२०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीयांविषयी ९३. अशी पुस्तके खपत नाहीत, हे प्रकाशकांचे जुने उत्तर. ते किती पोकळ होते हे २०१७ साली अँजी थॉमस यांच्या ‘द हेट यू गिव्ह’ या कादंबरीने दाखवले. पोलिसाच्या गोळीने मित्र गमावलेल्या काळ्या मुलीची ती कथा खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

७

या इतिहासाचे आपल्याशी काय नाते? पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतील मुलांनी नॅन्सी ड्र्यू आणि हार्डी बॉइज पिढ्यानुपिढ्या वाचले, एवढेच नव्हे. मराठीत १९७४ पासून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा पुण्यात विद्याभवनात शिकतो, सायकल पळवतो, चोर पकडतो. तो मनाने सरळ आहे आणि मुलांनी त्याच्यावर प्रेम केले ते योग्यच. येथे तक्रार शिवीची नाही. फेण्यांच्या पोराची सायकल कांबळ्यांच्या पोराला कधी मिळाली, एवढाच प्रश्न आहे.

दलित बालपण मराठीत आलेच नाही, असे म्हणता येणार नाही. १९७८ च्या दया पवारांच्या ‘बलुतं’पासून आत्मकथनांनी ते आणले आणि मराठी साहित्य हादरवले. पण ती पुस्तके मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेली. दुसऱ्या टोकाला १९७९ साली ‘अमर चित्र कथा’ने बाबासाहेबांचे चित्रचरित्र मुलांच्या हाती दिले. तो महापुरुष झाला. सोसणारे मूल आणि युगपुरुष यांच्या मधली जागा पाहिली पाहिजे. तेथे शाळेत जाणारा, खोड्या करणारा, गुप्त भुयार शोधणारा आणि शेवटच्या प्रकरणात फौजदाराची शाबासकी मिळवणारा तुमचा-आमचा साधा मुलगा असायला हवा. लॅरिकबाईंच्या मोजणीत शेकडा एकही न भरलेली जागा हीच होती.

उद्या कोणी प्रकाशक जुन्या मराठी गोष्टींतील जातिवाचक उल्लेख गाळून शुद्ध आवृत्ती काढील, आणि त्याचे स्वागतही होईल. त्या वेळी जेफ टकर आठवावा. उल्लेख गेल्यावर त्या पानावर आपले कोण उरले, हे मोजावे. आणि कोणी उरले नसेल, तर गाळणाऱ्याकडे दाद मागत बसू नये. आपल्यापैकी ज्यांना गोष्ट सांगता येते त्यांनी सोपी, वेगवान, खाऊच्या पैशांत येणारी पुस्तके लिहायला घ्यावीत. आत्मकथन लिहिण्याइतकेच ते चळवळीचे काम आहे.