पंगत, मानपान आणि १० चा आकडा

पंगतीत पानाच्या डावीकडे काय, उजवीकडे काय, मीठ कुठे आणि तूप कधी, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. वाढप्याला सांगावं लागत नाही. पण वाढपी दहा गावांहून आलेले असतील आणि एकमेकांना ओळखतच नसतील तर? वर्डप्रेसवरचा कुठलाही लेख उघडतो तेव्हा नेमकं हेच घडत असतं. लेख आपला, पण शेअरची बटणं, 'हेही वाचा'ची यादी, लेखकाची ओळख हे सगळं वाढणारे हात वेगवेगळ्या लोकांचे. मग वर कोण आणि खाली कोण, हे ठरवतं कोण? या प्रश्नाला वीसहून जास्त वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात २००१ ची. मिशेल वाल्द्रीगी नावाच्या गृहस्थांनी 'बी-टू' नावाचं ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर लिहिलं. वर्डप्रेसचा हा पूर्वज. त्यात क्रमाचं कोडं असं नव्हतंच. लेखाच्या मजकुरावर जे काही संस्कार करायचे ते प्रोग्राममध्ये एकाखाली एक लिहिलेले असत, आणि त्याच क्रमाने होत. तुम्हाला स्वतःचं काही घालायचं असेल तर सरळ ती फाइल उघडायची आणि हव्या त्या जागी आपली ओळ घुसडायची. क्रम पूर्णपणे तुमच्या हातात! पण नवी आवृत्ती आली की जुन्या फाइलीवर नवी बसणार आणि तुमची कारागिरी पुसली जाणार.

पुढे बी-टूचं काम थंडावलं. जानेवारी २००३ मध्ये मॅट मलनवेग या १९ वर्षांच्या अमेरिकन पोराने 'आता आपणच ते पुढे न्यावं का' असा विचार बोलून दाखवला, इंग्लंडमधून माइक लिटल यांनी हात पुढे केला, आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती (०.७) आली. पण आपल्या गोष्टीतली खरी घटना त्यानंतर वर्षभराने घडली. २२ मे २००४ ला १.२ आवृत्ती आली (जाझ संगीतकार चार्ल्स मिंगसच्या नावाने), आणि तिच्याबरोबर प्लगिन आले.

प्लगिनची कल्पना अगदी घरगुती आहे. भिंतीला खुंट्या ठोकून ठेवायच्या आणि ज्याला जे अडकवायचं ते त्याने अडकवावं. भिंत फोडायची गरज नाही. प्रोग्रामरांच्या भाषेत या खुंटीला 'हुक' म्हणतात. लेखाच्या मजकुराची खुंटी एकच. तिच्यावर पन्नास जणांनी पन्नास पिशव्या अडकवल्या तर आधी कोणाची? त्यासाठी प्रत्येकाने आपला एक आकडा सांगायचा. लहान आकडा आधी, मोठा नंतर. आकडा सांगितलाच नाही, तर तुमचा आकडा १०.

हे १० मला फार आवडतं. ० नाही, १ नाही, १०. म्हणजे ज्याला घाई आहे त्याला पुढे जागा आहे आणि ज्याला थांबायचंय त्याला मागे हवी तेवढी. वर्डप्रेस स्वतःसुद्धा याच रांगेत उभं राहतं. परिच्छेद पाडण्याचं त्याचं काम १० वर होतं. २००८ साली २.५ च्या मालिकेत शॉर्टकोड आले, ते परिच्छेद पाडून झाल्यावर उलगडावेत म्हणून ११ वर बसले. २०१८ च्या डिसेंबरात ५.० बरोबर ठोकळ्यांचा संपादक आला, त्याला परिच्छेदांच्या आधी काम करायचं होतं म्हणून त्याने ९ घेतला. हसऱ्या चेहऱ्यांचं चित्र करायचं काम २० वर. जेटपॅक नावाचा प्रसिद्ध प्लगिन (२०११ चा) शेअरची बटणं १९ वर लावतो, 'लाइक' ३० वर आणि संबंधित लेख ४० वर. म्हणून ते त्याच क्रमाने एकाखाली एक दिसतात.

इथे एक गंमत लक्षात घ्या. आकडा म्हणजे पानावरची जागा नव्हे, हात लावायची पाळी. लेखाच्या शेवटी काही जोडणारा जितका उशिरा येईल तितका खाली जातो. पण लेखाच्या सुरुवातीला काही जोडणारा उशिरा आला तर सगळ्यांच्या वर जाऊन बसतो! पंगतीत शेवटी येऊन पहिल्या पाटावर बसणारे पाहुणे असतात ना, तसं.

आणि सगळ्यांनीच १० म्हटलं तर? तर जो आधी दाखल झाला तो आधी. प्लगिन दाखल होतात ते त्यांच्या फोल्डरच्या नावाच्या रोमन अक्षरक्रमाने, आणि थीमची पाळी सगळ्या प्लगिनांच्या नंतर. मला हे कळलं ते आजीवर लिहिलेल्या लेखामुळे. लेखाखाली एका छोट्या प्लगिनने तिच्या दिवसकार्याची तारीख आणि पत्ता छापला होता. त्या दोहोंच्या मध्ये दुसऱ्या एका प्लगिनची 'हेही वाचा' यादी शिरली, त्यात वर उकडीच्या मोदकांची कृती. सांगलीच्या मावशीने लेख वाचला, मोदकांपाशी तो संपला असं समजून फोन खाली ठेवला, आणि दोन दिवसांनी विचारलं, "अरे, कार्य कधी आहे ते कळवलंच नाहीस?" दोन्ही प्लगिनांचा आकडा १०. आजीचं कार्य आणि मोदक यांत वर कोण, हा निर्णय कुठल्याच माणसाने घेतला नव्हता. तो ए-बी-सी-डीने घेतला होता. थीमच्या फाइलीत दोन ओळी लिहिल्या, यादी १० वरून काढून ५० वर टाकली, आणि तारीख लेखाला चिकटली. दोन ओळींचं काम.

थीमचं आणखी एक वेगळं राज्य आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये १.५ आवृत्तीने थीम आणल्या. थीमच्या फाइलीत 'आता मजकूर छाप' अशी एक ओळ असते. तिच्याखाली थीमने जे लिहिलं (लेखकाची चौकट, मागचा-पुढचा लेख) ते या रांगेत नसतंच. प्लगिनने एक लाख आकडा सांगितला तरी तो त्या चौकटीच्या खाली जाऊ शकत नाही. तिथे फाइलच उघडावी लागते, म्हणजे पुन्हा २००१!

आकडा वाढवून काय होतं हे कळल्यावर मानपान सुरू झाले. कोणी ९९ म्हणालं, कोणी ९९९, कोणी पीएचपीला मोजता येणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याच लिहून मोकळं झालं. प्रत्येकाला वाटतं शेवटचा हात आपला असावा. यात लिहिणाऱ्याला कोणीच विचारत नव्हतं. बी-टूच्या काळात क्रम ठरवायला प्रोग्राम वाचता यावा लागे. २००४ नंतर तो प्लगिन लिहिणाऱ्याच्या हाती गेला. लेख लिहिणारा दोन्ही वेळा बाहेरच.

हे बदलायला बराच काळ लागला. जानेवारी २०२२ मध्ये ५.९ आवृत्तीपासून ठोकळ्यांच्या थीममध्ये पानाचा साचाच माउसने ओढून रचता येऊ लागला. नोव्हेंबर २०२३ च्या ६.४ मध्ये प्लगिनांसाठी नवी रीत आली. आकडा सांगायचा नाही, 'मला अमक्या ठोकळ्याच्या आधी किंवा नंतर बसवा' एवढंच म्हणायचं. मग मालकाने तो उचलून दुसरीकडे ठेवावा, नाहीतर काढून टाकावा. जुनी आकड्यांची रांगही आहेच, आणि असंख्य ब्लॉग आजही तिच्यावरच चालतात.

असो. फार तांत्रिक झालं असेल तर एवढंच करा. आपला एखादा जुना लेख, जवळच्या माणसावर लिहिलेला, मोबाइलवर उघडा आणि अगदी तळापर्यंत जा. तुमचं शेवटचं वाक्य संपल्यावर लगेच काय येतं ते बघा. ते तिथे तुम्ही ठेवलं असेल तर उत्तम. नसेल, तर कुठेतरी एक १० बसलेला आहे. त्याला हलवता येतं.