पाळण्यांतलें नांव आणि लाडाचें नांव

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा हें जिजाबाईंचें जन्मस्थान. १६८२ सालीं जन्मलेल्या त्यांच्या पणतूचें नांव आजोबांवरून ‘शिवाजी’ ठेविलें. पण १७०८ सालीं ते साताऱ्यास गादीवर आले ते ‘शाहू’ म्हणून. सासऱ्याचें नांव सुनेनें घेऊं नये, ही आपली जुनी रूढि. म्हणून आजोबांचें नांव मिळालेल्या मुलास घरांत दुसरें नांव लागेच. नाना फडणीस कागदोपत्रीं बाळाजी जनार्दन. इतिहासांत मात्र ‘नाना’ हें घरगुती संबोधनच राहिलें. तेव्हां असें नांव कर्तृत्वास आड येतें, हें म्हणणें टिकत नाहीं. परंतु या दोघांपाशीं दुसरें भारदस्त नांवहि होतें. नुसतें ‘छकुली’ किंवा ‘सोन्या’ दप्तरीं लिहविणारे आईबाप मुलाची ही निवडच काढून घेतात. पाळण्यांत दोन्ही नांवें द्यावीं, हें बरें.