एका पैशाची देणगी

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात एक विलक्षण याचना ऐकू येऊ लागली. मागणाऱ्याला देवळाचा कळस चढवावयाचा नव्हता, काशीयात्रेस जावयाचे नव्हते, की अन्नछत्र घालावयाचे नव्हते. माणशी वर्षाला एक पैसा, एवढेच त्याचे मागणे होते; आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभा करावयाचा होता. ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. पैसा फंड या नावाने ती महाराष्ट्रभर झाली. काळे गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी त्यांच्या पाठीशी आपले वजन उभे केले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला. जपान व अमेरिका येथे शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्या कारखान्याचे पहिले तज्ज्ञ. तेथे शिकून तयार झालेल्या कारागिरांनी पुढे हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांत काचेच्या भट्ट्या पेटविल्या.

या कथेतील नाण्यांचा हिशेब मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. त्या वेळी आण्याचे पैसे चार आणि रुपयाचे आणे सोळा. म्हणजे एका रुपयाचे पैसे चौसष्ट. एक हजार माणसांनी प्रत्येकी एक पैसा दिला तर जमा होत पंधरा रुपये दहा आणे. एक लाख माणसांनी दिला, तरी बेरीज पंधराशे बासष्ट रुपये आठ आणे. या लाख दारांशी जाऊन उभे राहावयाचे, प्रत्येक दारी हेतू सांगावयाचा, पैसा घ्यावयाचा, तो सांभाळून मुक्कामी पोहोचवावयाचा, ही मजुरी जर बाजारभावाने मोजली असती, तर फंडाचा सारा पैसा फंड गोळा करण्यातच संपला असता. स्वयंसेवकांनी ती मजुरी मोजली नाही, म्हणूनच फंड उभा राहिला.

आज शंभर वर्षांनंतर हाच हिशेब उलटा झाला आहे. अनाथालय असो, ग्रंथालय असो, की दुष्काळी भागात पाणी अडविणारी मंडळी असोत, दारोदार हिंडण्यावाचून त्यांना वर्गणी मिळू शकते. भिंतीवरील काळ्यापांढऱ्या चौकोनासमोर फोन धरला की पैसे संस्थेच्या खात्यात पडतात. मग संस्थेने प्रथम कशाकडे लक्ष द्यावे? नवे दाते मिळविण्याकडे, मोठ्या देणगीकडे, जाहिरातीकडे, की आणखी कशाकडे? यंत्र नवे आहे. प्रश्न जुना आहे, आणि त्याची उत्तरे महाराष्ट्रातील संस्थांच्या इतिहासात विखुरलेली आहेत.

पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. महादेव बल्लाळ नामजोशी यांनी त्या कार्यासाठी संस्थानिकांच्या दरबारांचे उंबरठे झिजविले. दरबारी देणगीने इमारती लवकर उभ्या राहतात, यात संशय नाही. परंतु त्या देणगीला तोलून धरणारी दुसरी गोष्ट आत होती: तेथील शिक्षक तुटपुंज्या वेतनावर वर्षानुवर्षे शिकविण्यास बांधले गेले होते. दुसऱ्यापुढे हात पसरण्यापूर्वी त्यांनी स्वतःचे काही त्यात घातलेले होते, आणि देणाऱ्याला ते दिसत होते.

याच कॉलेजात गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले. त्या माळावरच्या झोपडीत आश्रम १९०० साली राहावयास गेला. कर्व्यांनी आपल्या विम्याची पॉलिसीदेखील आश्रमाच्या स्वाधीन केली. दिवसा कॉलेजात शिकवावयाचे, मग पायी हिंगण्यास जावयाचे, आणि सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव हिंडावयाचे, असा त्यांचा क्रम होता. वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. गणिताच्या अध्यापकाला साजेसा चोख जमाखर्च मात्र होता.

या चिकाटीचे फळ मिळावयास चोवीस वर्षे लागली. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. १९३६ साली त्याची कचेरीही मुंबईस गेली. मोठी देणगी अशी संस्थेचा पत्ता आणि पाटी दोन्ही बदलू शकते. त्यात गैर काही नाही. परंतु ती आली कशी, हे विसरता कामा नये. लहान वर्गणीच्या दोन तपांच्या नोंदी आधी होत्या, म्हणून पंधरा लक्षांचा विश्वास मागाहून आला. कर्व्यांनी स्वतः हा क्रम कधी उलटा केला नाही. विद्यापीठ मार्गाला लागल्यावर १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले, आणि त्यासाठी पुन्हा लहान वर्गणीपासूनच प्रारंभ केला.

सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटलांनी याहून खोल जाऊन पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ज्या घरांतील मुले त्यांना शिकवावयाची होती, त्या घरांत रोख पैसा वर्षातून फार थोडे दिवस नांदे. मागावयाचे ते घरात असलेले मागावे, हे भाऊरावांनी ओळखले आणि मुष्टिफंड सुरू केला. रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढावयाची. ती साठली की वसतिगृहाच्या कोठारात जावयाची. सर्व जातींची मुले एका पंगतीस बसून जे अन्न खात, त्यात शेतकऱ्याच्या घरची ती मूठ असे. संस्थेच्या कामी पैसा कमी पडला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, इतकेच नव्हे तर मंगळसूत्रही मोडले. मूठभर ज्वारी देणाऱ्या बाईला हे ठाऊक असल्यावर तिला निराळा अहवाल वाचून दाखविण्याची गरज उरली नाही.

याच सुमारास देशाने निधिसंकलनाचा अगदी वेगळा प्रकार पाहिला. टिळकांच्या निधनानंतर १९२१ साली त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उघडण्यात आला. ३० जूनच्या आत एक कोटी रुपये जमवावयाचे, असा संकल्प होता आणि तो पुरा झाला. एकट्या आर्देशिर गोदरेज यांनी तीन लक्ष रुपये दिले. मुदत आणि आकडा यांच्या जोडीत केवढी शक्ती असते, हे त्या तीन महिन्यांनी दाखविले. परंतु पुढे कित्येक वर्षे त्या फंडाच्या खर्चाविषयी जाहीर प्रश्न विचारले जात राहिले. पूर येतो तसा पैसा येतो तेव्हा हिशेबाचे बांध अगोदर घातलेले असावे लागतात, हा धडाही त्याच फंडाने दिला.

पैसा पाठविण्याचे साधन या काळात एकदा मोठे बदलले होते. टपालखात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली आणि रत्नागिरीच्या माणसाला पुण्याची संस्था जवळची झाली. मनीऑर्डरच्या फॉर्मला एक लहानसे कूपन असे. त्यावर पाठविणाऱ्याचे नाव, गाव आणि चार ओळी मजकूर मावे. वडिलांच्या श्राद्धानिमित्त, मुलीच्या लग्नानिमित्त, पहिल्या पगारातून अशी कारणे त्या चार ओळींत संस्थेपर्यंत पोहोचत. पैशाबरोबर माणूस येत असे.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही देयकपद्धती जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत ती सामान्य माणसाच्या फोनवर आली. १ जानेवारी २०२० पासून त्या मार्गाने येणाऱ्या रकमेवरील व्यापारी शुल्कही काढून टाकण्यात आले. काळ्यांच्या स्वयंसेवकाला जे श्रम एका पैशासाठी पडत, ते आता दहा रुपयांसाठीही पडत नाहीत. लहान देणगी गोळा करणे परवडत नाही, ही जुनी अडचण अशा रीतीने नाहीशी झाली. तथापि तिच्याबरोबर दारात उभा राहणारा तो स्वयंसेवकही नाहीसा झाला. तो पैसा घेई, पण त्याखेरीज आणखी एक काम करी: मागच्या वर्षीच्या पैशाचे काय झाले, या प्रश्नाला तो तोंडावर उत्तर देई. फोनवरून रक्कम येते तेव्हा संस्थेच्या हाती पुष्कळदा एक अर्धवट नाव आणि आकड्यांची रांग एवढेच लागते. कूपनावरच्या चार ओळी येत नाहीत, आणि प्रश्न विचारावयास दार राहत नाही.

दार राहिले नाही म्हणजे चोरालाही सोपे होते. मार्च २०२० मध्ये महासाथीच्या प्रारंभी पंतप्रधानांच्या नावे मदतनिधी जाहीर झाला. तोच त्याच्या खऱ्या यूपीआय पत्त्याशी एका अक्षराचा फरक असलेला खोटा पत्ता लोकांत फिरू लागला आणि तो बंद करावा लागला. देशाच्या सर्वोच्च कचेरीच्या नावाची ही गत, तर आडगावच्या लहान संस्थेने किती सावध असावे! आपला खरा पत्ता कोणता, हे आपल्या दात्यांस स्वतःहून, वारंवार आणि ठळकपणे सांगणे हे आता हिशेबाइतकेच आवश्यक कर्तव्य होऊन बसले आहे.

सरकारी नियमांनीही संस्थांना याच दिशेस लोटले. २०१७ पासून दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस प्राप्तिकरातील सवलत मिळेनाशी झाली. २०२१-२२ या वर्षापासून दात्यांची यादी कर खात्याकडे देणे आणि दात्यास ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र देणे संस्थांना भाग पडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचा नवा नियम अंमलात आला: दरमहा आपोआप कार्डावरून जाणारी रक्कम कापण्यापूर्वी चोवीस तास आधी सूचना गेली पाहिजे. मासिक वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांना तो त्रासाचा वाटला. परंतु ती सूचना म्हणजे दरमहा दारात येऊन ‘यंदाही देणार ना?’ असे विचारण्यासारखीच आहे. ज्या संस्थेने महिन्याभरात आपल्या कामाची एक ओळदेखील कळविली नाही, तिला या प्रश्नाची भीती वाटणे स्वाभाविकच होय. पुढे २०२३-२४ पासून जी करपद्धती मूळ म्हणून धरली गेली, तीत देणगीची वजावट ठेवलेली नाही. तेव्हा केवळ करसवलतीच्या आमिषावर उभारलेले आवाहनही दुबळे ठरले.

या सर्व इतिहासातून जो क्रम दिसतो तो साधा आहे. प्रथम संस्थेच्या चालकांनी स्वतःचे काही घातलेले असावे. मग हिशेब असावा, आणि तो मागण्यापूर्वी दाखविलेला असावा. त्यानंतर ज्याने एकदा दिले त्याची ओळख ठेवावी, कारण कर्वे आणि भाऊराव यांच्या संस्था नव्या दात्यांपेक्षा परतून देणाऱ्यांनी जगविल्या. मोठी देणगी यांच्या मागून येते. पुढे घातली तर तीच संस्थेला ओढत नेते. जाहिरात आणि यंत्र यांचे स्थान सर्वांत शेवटी.

यंत्राने वाचविलेले श्रम कोठे खर्च करावयाचे, एवढाच आता निर्णय उरतो. त्या श्रमांतून आणखी लाख लोकांना आवाहन धाडता येईल, अथवा ज्या शंभरांनी दिले त्यांना आपल्या पैशाचे काय झाले ते नावानिशी कळविता येईल. तळेगावच्या भट्टीतून निघालेला दिवा घरात लागला, तेव्हा त्यात आपला एक पैसा आहे असे एखाद्या शेतकऱ्याला वाटू शकत होते. चौसष्ट जणांनी मिळून भरलेल्या त्या एका रुपयाचा खरा नफा हाच होता. फोनवरून शंभर रुपये पाठविणाऱ्याला तसे वाटू लागेल, त्या दिवशी पैसा फंडाचा वारसा नव्या यंत्रात उतरला असे म्हणता येईल.